क्लायंबरचा प्लॅटफॉर्म घेऊन सॅडल हंटिंग: सारखे येणारे प्रश्न

मी वेस्टर्न पेनसिल्व्हेनियात धनुष्याने व्हाइटटेल हरणाची शिकार करतो. इकडच्या मराठी मंडळींकडून या एकाच जुगाडाबद्दल मेसेज येत राहतात, म्हणजे घरात पडलेल्या क्लायंबिंग ट्रीस्टँडचा (शिकारीसाठी झाडावर चढायचा आणि बसायचा मंच, यालाच क्लायंबर म्हणतात) खालचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्यावर सॅडल लावून शिकार करायची. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ती येणार आहे: प्लॅटफॉर्म फक्त पाय टेकायला असतो, तुमचा जीव दोरीवर असतो. हे डोक्यात पक्कं नसेल तर बाकीचं वाचून काही उपयोग नाही.

१. सॅडल वेगळं, क्लायंबर वेगळा, मग दोन्ही एकत्र म्हणजे नेमकं काय?

सॅडल म्हणजे कंबर आणि मांड्यांभोवती बसणारा रुंद, झोळीसारखा हार्नेस. त्याच्या पुढे एक छोटी दोरी असते तिला ब्रिज म्हणतात, ब्रिज अडकतो टेदरला, आणि टेदर म्हणजे झाडाला फास घालून बांधलेली मुख्य दोरी. तुम्ही झाडाकडे तोंड करून मागे रेलता, वजन दोरीवर जातं आणि पायाखाली काहीतरी छोटं लागतं. क्लायंबर दोन तुकड्यांचा असतो, वरच्यावर बसायचं, खालच्यावर उभं राहायचं आणि बस-ऊठ करत वर सरकायचं. आपण यातला वरचा तुकडा घरी ठेवतो, त्याच्या जागी सॅडल आणि टेदर येतं, आणि खालचा प्लॅटफॉर्म (झाडाभोवती जाणारा पट्टा आणि झाडात रुतणारे दात असलेला) चढायलाही कामाला येतो आणि वर गेल्यावर उभं राहायलाही.

२. क्लायंबिंग स्टिक्स (झाडाला बांधून चढायच्या छोट्या शिड्या) आणि छोटा सॅडल प्लॅटफॉर्म मिळत असताना हा उद्योग कशाला?

खरं सांगायचं तर सगळ्यांनी करू नये. पण तुमच्याकडे क्लायंबर आधीच आहे, तुमच्या जंगलात ट्युलिप पॉपलर किंवा रेड ओकसारखी सरळसोट, खाली फांद्या नसलेली झाडं आहेत, आणि पाय मोठे आहेत किंवा गुडघे कुरकुरतात, तर हा प्रकार फार सुखाचा आहे. सॅडलचे तयार प्लॅटफॉर्म इतके छोटे असतात की तासन् तास उभं राहिलं की तळपाय ओरडायला लागतात, क्लायंबरचा प्लॅटफॉर्म त्यामानाने अंगण वाटतो, पाय हलवता येतात, झाडाला पाठ लावून उभंही राहता येतं (टेदर अर्थात लावलेलाच, आणि फुल बॉडी हार्नेस घातला असेल तरच, प्रश्न ६). शिवाय एका उंचीला अडकून राहत नाही, वाटलं तर अजून दोन फूट वर जा. तोटा वजनाचा. पूर्ण ॲल्युमिनियम क्लायंबर २० पाउंडांच्या आसपास असतो, खालचा भाग त्याच्या साधारण निम्मा धरा, म्हणजे हलक्या सॅडल प्लॅटफॉर्मपेक्षा बराच जड. आणि वाकड्या, फांद्यांनी भरलेल्या झाडावर याचा शून्य उपयोग, तिथे स्टिक्सच.

३. कंपनीच्या माहितीपत्रकात असं वापरा म्हणून लिहिलंय का?

बहुतेक क्लायंबरच्या सूचनांमध्ये दोन्ही भाग एकत्र वापरा असंच असतं. वरचा भाग काढून खालचा एकटा वापरला की ते त्यांच्या सूचनेबाहेर जातं, वॉरंटीचं काही होईल ते तुमच्यावर. हे लपवून मला कुणाला झाडावर चढवायचं नाहीये. म्हणूनच प्रश्न ५ आणि ६ मधली दोरीची शिस्त ऐच्छिक समजू नका. काही कंपन्या खास सॅडलबरोबर वापरायला नुसते चढते प्लॅटफॉर्मही करतात, नवीनच घ्यायचं असेल तर तेच घ्या. प्लॅटफॉर्ममध्ये ड्रिल करणं, वेल्डिंग करणं, पट्टा बदलून दुसऱ्या कंपनीचा लावणं, यातलं काहीही करू नका.

४. झाड कसलं निवडायचं?

सरळ, जिवंत, आणि तुम्हाला जिथपर्यंत जायचंय तिथपर्यंत फांदी नसलेलं. जाडी तुमच्या पट्ट्याला झेपेल एवढी, साधारण ८ ते २० इंच व्यासाच्या आत बहुतेक मॉडेलं बसतात, तरी तुमच्या मॉडेलचा आकडा बघा. ट्युलिप पॉपलर, रेड ओक, मोठी ब्लॅक चेरी ठीक. शॅगबार्क हिकरीची साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटते, त्यामुळे दात झाडात नाही तर सुट्या सालीत रुततात आणि आवाजही भयंकर होतो. बीचची साल गुळगुळीत, ओली झाली किंवा दव गोठलं की घसरगुंडी, शिवाय पातळ असल्याने लगेच जखम होते.

ॲशच्या झाडांबद्दल हात जोडून सांगतो. एमराल्ड ॲश बोरर नावाचा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून त्याने इकडची ॲशची झाडं झपाट्याने मारली. ती सरळ असतात, फांद्या वर असतात, क्लायंबरसाठीच बनवल्यासारखी दिसतात, आणि मेलेली असतात. मेलेलं ॲश आतून फार लवकर ठिसूळ होतं. ऑक्टोबरच्या शेवटी पानं गळल्यावर जिवंत-मेलेलं ओळखता येत नाही, म्हणून झाडं उन्हाळ्यातच हेरून ठेवा, पानं असताना.

५. चढायचं कसं? स्टेप बाय स्टेप सांगा ना.

आधी दोन दोऱ्या समजून घ्या. एक टेदर, फास घालून झाडाला आवळलेला, त्यावर प्रुसिक गाठ (मोकळी असताना सरकते, भार आला की दोरीला आवळते) किंवा तेच काम करणारा मेकॅनिकल असेंडर. दुसरी लाइनमन रोप, कमरेच्या एका बाजूपासून झाडामागून दुसऱ्या बाजूला. दोन्ही जमिनीपासून लावायच्या, "थोडं वर गेल्यावर लावू" असं नाही.

प्लॅटफॉर्म झाडाला लावताना बाहेरची कड वर उचललेली ठेवा, कारण झाड वर जाताना बारीक होतं आणि पट्टा तेवढाच राहतो, त्यामुळे प्लॅटफॉर्म हळूहळू बाहेरून खाली झुकत जातो. जमिनीवर सपाट लावला तर वीस फुटांवर तो उताराचा झालेला असेल. किती वर उचलायचा ते झाडाच्या निमुळतेपणावर, दोन-तीन झाडांवर डोक्याएवढ्या उंचीपर्यंत सराव केला की अंदाज येतो.

आता चढणं. पाय पट्ट्यांमध्ये अडकवा, टाचेमागचा पट्टा सुद्धा, तो नसेल तर पाय मागे निसटतो. उभे राहा, टेदर हात पोचेल तितका वर सरकवा आणि प्रुसिक आवळा. मग सॅडलमध्ये बसा, सगळं वजन दोरीवर येऊ द्या, लाइनमन रोप वर घ्या. आता टाचा वर आणि पंजे खाली, म्हणजे प्लॅटफॉर्मची बाहेरची कड उचलली जाते आणि दातांची पकड सुटते, गुडघे पोटाकडे ओढून प्लॅटफॉर्म वर घ्या, टाचा दाबून परत रुतवा. लगेच उभं राहायचं नाही, आधी एकेका पायाने भार देऊन बघायचं, रुतलाय असं वाटलं की मग हळूच उभं राहायचं आणि उभं राहताच टेदरमध्ये आलेला ढिलेपणा काढायचा. एका वेळी फूटभर मिळालं तरी चांगलं. घाई करणारा माणूस याच पायरीला फसतो, कारण प्लॅटफॉर्म रुतायच्या आधी वजन टाकतो.

६. दोरी थोडी ढिली राहिली तर एवढं काय बिघडतं? सॅडल आहेच की.

खूप बिघडतं. सॅडल हे कामाच्या जागी टेकून राहायचं साधन आहे, पडताना झेलायचं नाही. ट्रीस्टँडच्या फुल बॉडी हार्नेसमध्ये पडल्यावर झटका कमी करायला शिवण उसवणारा पट्टा असतो, सॅडलच्या टेदरमध्ये तसं काही नसतं, दोरी जवळजवळ ताणतच नाही. तीन फूट ढील असेल आणि प्लॅटफॉर्म सटकला तर पूर्ण झटका कंबरेला आणि मणक्याला बसतो, शिवाय उलटं व्हायची भीती वेगळी. म्हणून टेदर उभं असताना कपाळाच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि कायम ताणलेला. ज्यांना प्लॅटफॉर्मवर झाडाला पाठ लावून मोकळं उभं राहायचंय, त्यांनी फुल बॉडी हार्नेस वेगळा घालावा, किंवा तसं उभं राहू नये.

दोरी चढाईच्या दर्जाची स्टॅटिक (जवळजवळ न ताणणारी), कॅराबिनर (दोरी अडकवायची धातूची कडी) लॉकवाला आणि त्यावर भार-क्षमता कोरलेली (२२ केएन, म्हणजे किलोन्यूटन, किंवा जास्त). हार्डवेअरच्या दुकानात चावी अडकवायला मिळतो तो कॅराबिनर नाही, दिसायला सारखा असला तरी.

७. प्लॅटफॉर्म पायातून सुटून खाली गेला तर वर लटकून राहणार का मी?

क्लायंबरचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा धोका. पूर्ण क्लायंबरमध्ये वरचा आणि खालचा भाग दोरीने एकमेकांना बांधतात तो याचसाठी. आपल्याकडे वरचा भाग नाही, म्हणून प्लॅटफॉर्मला एक आखूड मजबूत दोरी बांधून ती सॅडलच्या बाजूच्या भक्कम लूपमध्ये अडकवा. लांबी एवढीच की सुटला तर पायाखाली लोंबकळेल आणि हाताने ओढून घेता येईल.

तरी दुसरा उपाय हवाच. लांब दोरी आणि डिसेंडर (दोरीवर ब्रेक लावत उतरायचं साधन) घेऊन रॅपल करून, म्हणजे दोरीवरून सावकाश सरकत उतरायचं, दोरी तुमच्या उंचीपेक्षा बरीच जास्त, आणि हे आधी जमिनीजवळ, दिवसाउजेडी, कुणीतरी समोर असताना शिकून घ्यायचं. दोरी बॅगेत आणि बॅग झाडाखाली असेल तर तिचा उपयोग नाही. मोबाईलसुद्धा छातीच्या खिशात, पँटच्या मागच्या खिशात नाही, सॅडलमध्ये बसलात की तो खिसा दाबला जातो.

आणि कधी हलता येईना अशा अवस्थेत लटकावं लागलं तर पाय सतत हलवत राहा, पायात दोरीचा फास करून त्यावर उभं राहायचा प्रयत्न करा. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहिलं की रक्त पायात साठतं आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून कुठल्या झाडावर, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून जा, बायकोला जंगलातलं कळत नसलं तरी लोकेशनचा पिन कळतो.

८. वर पोचल्यावर प्लॅटफॉर्म हलतो, कडेला पाय टाकला की गर्रकन फिरतो. का?

कारण क्लायंबरचा प्लॅटफॉर्म वरून खाली पडणाऱ्या वजनासाठी केलेला आहे. तुम्ही बाहेरच्या भागावर उभे राहता, प्लॅटफॉर्म खाली झुकू बघतो, मागचा पट्टा ताणला जातो, पुढचे दात झाडात दाबले जातात, आणि तीच पकड. सॅडलमध्ये तुमचं बरंचसं वजन दोरीवर असतं, पाय तिरके, बाजूला ढकलतात, म्हणजे पकड ढिली आणि शिवाय पिळणारा जोर. हरीण उजव्या बाजूने आलं आणि तुम्ही कडेवरून ढकलून फिरलात की नेमकं हेच होतं.

उपाय साधा आहे. हव्या उंचीला पोचलात की आधी प्लॅटफॉर्मवर पूर्ण वजन देऊन दोन-तीनदा टाचा दाबा, मग एक कॅम बकलचा (हाताने ओढून घट्ट करायच्या बकलचा) पट्टा प्लॅटफॉर्मच्या फ्रेममधून झाडाभोवती घेऊन घट्ट आवळा. हा पट्टा लावल्यावर फरक लगेच कळतो, आणि माझ्या मते या सगळ्या सेटअपमध्ये टेदरनंतरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. रॅचेट पट्टाही चालतो पण त्याची टकटक शांत सकाळी फार लांब जाते. उतरायच्या आधी हा पट्टा काढायचा विसरू नका.

९. वरचा भागही बरोबर नेला तर जास्त सेफ नाही का?

नवीन माणसासाठी हो. आधी पूर्ण क्लायंबरवर सॅडल घालून चढा, टेदरची सवय करा, मग वरचा भाग सोडायचं ठरवा. अडचण अशी की वर गेल्यावर तो तुकडा झाड आणि तुमच्या पोटामध्ये येतो, रेलता येत नाही, फिरता येत नाही, म्हणजे सॅडलचा मुख्य फायदाच जातो. नुसत्या दांड्याचा, सीट नसलेला वरचा भाग असेल तर त्रास कमी.

१०. माझं वजन जास्त आहे, चालेल का?

प्लॅटफॉर्मवर लिहिलेली मर्यादा बघा, बरीच मॉडेलं ३०० पाउंडांपर्यंत (१३६ किलो) असतात. यात तुमचे थंडीचे कपडे, बूट, बॅग, धनुष्य सगळं आलं. सॅडल, ब्रिज आणि टेदरची मर्यादा वेगळी बघायची, आणि त्यातली सगळ्यात कमी असेल ती तुमची मर्यादा. "दोरीवर अर्धं वजन जातं म्हणून प्लॅटफॉर्मला कमी लागतं" हा हिशोब करू नका, चढताना उभे राहता तेव्हा सगळं वजन त्याच्यावरच असतं.

११. चढताना खूप आवाज होतो, हरणं पळतील ना?

आवाज होतोच, स्टिक्सपेक्षा जास्त. धातूवर धातू लागेल तिथे कापडी टेप गुंडाळा, बकल आणि चेन बांधून ठेवा. सालीचा खरखराट मात्र जात नाही, म्हणून अर्धा-पाऊण तास लवकर पोचा आणि हळू चढा. त्यापेक्षा जास्त लक्ष वाऱ्याकडे द्या, व्हाइटटेलला एखादा खरखराट पचतो, माणसाचा वास पचत नाही. संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली वाहते, तुम्ही टेकडीवर आणि हरीण खालच्या नाल्यात असेल तर तुमचा वास तिथे पोचलाच म्हणून समजा. पंधरा ते वीस फूट उंची बहुतेक वेळा पुरते.

१२. सॅडलमध्ये झाड मध्ये येतं, मग बाण कसा सोडायचा?

तोच तर फायदा, झाडाच्या आड लपून राहायचं. उजव्या हाताने ओढणाऱ्याला डावी बाजू सोपी, म्हणून हरीण ज्या वाटेने येईल असं वाटतं ती वाट डावीकडे येईल असा प्लॅटफॉर्म लावा. उजवीकडचा शॉट अवघड, त्यासाठी पाय बदलून पूर्ण फिरावं लागतं किंवा ब्रिजच्या वरून धनुष्य न्यावं लागतं. क्लायंबरचा रुंद प्लॅटफॉर्म इथे मदत करतो, पण पट्टा आवळलेला असेल तरच (प्रश्न ८). ब्रॉडहेडचं (बाणाच्या धारदार टोकाचं) पातं ब्रिजच्या किंवा टेदरच्या आसपासही येऊ देऊ नका. धनुष्य नेहमी दोरीने वर ओढायचं, बाण लावून नाही, आणि बंदूक असेल तर रिकामी करून.

१३. उतरणं?

चढण्याच्या उलट, फक्त अंधारात आणि दमलेलं असताना, त्यामुळे अपघाताची शक्यता इथे जास्त. हेडलॅम्प लावा. आधी कॅम पट्टा काढा, दोरीवर वजन द्या, टाचा वर, प्लॅटफॉर्म थोडासाच खाली, टाचा दाबा, भार तपासा, उभे राहा, मग टेदर खाली. हरीण पडलं म्हणून धावत उतरू नका, ते तिथेच राहणार आहे.

१४. मी एच-वन-बी वर आहे, मला शिकार करता येते का?

धनुष्यासाठी फेडरल बंदूक कायदा लागत नाही, राज्याचं हंटिंग लायसन्स लागतं. बंदुकीचं वेगळं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, पण कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. लायसन्सची तारीख संपली की अपवादही संपतो, त्यामुळे बंदूक घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलाच, मित्राने सांगितलं म्हणून नको. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स घेताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स लागतो. बंदुकीच्या हरीण सीझनमध्ये डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच फ्लुरोसंट ऑरेंजही लागतं, हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, तेव्हा घालायला कुरकुर नको.

१५. क्लायंबरचे दात झाडाला लागतात, सरकारी जंगलात चालतं का? रात्रभर ठेवता येईल का?

राज्याप्रमाणे आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. खिळे आणि स्क्रू-इन पायऱ्या सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी बंद, मिझुरीच्या कॉन्झर्वेशन एरियांमध्ये सुद्धा. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट गेम लँड्सवर (शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनींवर) झाडाला इजा करणं चालत नाही, म्हणून पातळ सालीची झाडं सोडाच. स्टँड ठेवून यायचं असेल तर ठरावीक काळातच, आणि त्यावर नाव-पत्ता किंवा लायसन्सवरचा ओळख क्रमांक लिहून. फांद्या कापायला परवानगी नसते, हेही फांदी नसलेलं झाड शोधायचं एक कारण. नियम बदलतात, दर वर्षी लायसन्सबरोबरचं नियमांचं पुस्तक वाचा. आणि खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी शिकारीसाठी मिळाली म्हणजे त्याच्या चेरीच्या झाडावर दात रोवायला मिळाली असं नाही, ते लाकूड महाग असतं, वेगळं विचारा.

१६. हे सामान भारतात घेऊन आलो तर?

शिकारीसाठी अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने भारतात शिकार बंद आहे. मेळघाट, ताडोबाला बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी बघायचा कार्यक्रम असतो, तिथे वनखात्याने बांधलेल्या मचाणावरच बसायचं असतं, स्वतःचं काही लावायचं नाही.

१७. वाटेत एकच बारीक फांदी आहे, ओलांडता येईल?

तुम्ही ओलांडाल, प्लॅटफॉर्म नाही. दोरीचं सोपं आहे: पहिला टेदर न सोडता फांदीच्या वर दुसरा टेदर लावा, त्यावर वजन द्या, मग पहिला काढा. पण प्लॅटफॉर्मचा पट्टा फांदीपलीकडे न्यायला तो हवेत उघडावा लागतो, आणि पायात अडकलेला, उघडा प्लॅटफॉर्म घेऊन लटकणं मी कुणालाच सांगणार नाही. फांदीखालीच थांबा किंवा दुसरं झाड बघा.

१८. झुकलेलं झाड, दोन बुंध्यांचं झाड, वेल चढलेलं झाड?

थोडं झुकलेलं असेल आणि टेदर लावून रेलल्यावर बाजूला घसरायला होत नसेल तर चालतं, पण झुकाव नुसत्या डोळ्यांना दिसतोय म्हणजे क्लायंबरसाठी जास्तच आहे, प्लॅटफॉर्म एका अंगाला फिरत राहतो. दोन बुंधे जवळजवळ असतील तर मागचा पट्टा मध्ये अडकतो, टाळा. वेलींमध्ये पॉइझन आयव्हीची वेल ओळखायला शिका, जुनी झाली की ती खोडाला केसाळ दोरखंडासारखी चिकटलेली असते. हिवाळ्यात पानं नसली तरी तिच्यातलं तेल अंगावर फोड आणतं, आणि क्लायंबरचे दात ती वेल चिरडून तेल पट्ट्यावर, दोरीवर, हातमोज्यांवर पसरवतात. अशा झाडावर चढलाच असाल तर घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा, प्लॅटफॉर्म आणि कॅराबिनर साबणाने घासा, आणि दोरी सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नाही.